नरहर मास्तरांचा मुका कॉम्प्युटर

मंडळी, ऐका. आज प्रश्न साधा आहे. डोळे धडधाकट असलेला माणूस आंधळा कधी होतो? रागाने होतो म्हणाल, लोभाने होतो म्हणाल. खरं आहे. पण सगळ्यात लवकर होतो तो "मला माहीत आहे" म्हटल्यावर. मान डोलवू नका, आधी गोष्ट ऐका.

वाईला नरहर मास्तर होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. रोज दुपारी मालतीबाई, त्यांची बायको, त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. चैत्रात त्या गेल्या. मास्तरांनी तक्रार केली नाही. फक्त बोलणं कमी केलं, जेवण कमी केलं.

मोठ्याने वाचून दाखवणारा कॉम्प्युटर असतो, असं लेकीने, सिंधूने, ऐकलं होतं. जावई प्रल्हादराव म्हणाले, "माझ्यावर सोडा." हे वाक्य ऐकलं की देवसुद्धा सावरून बसतो.

त्यांनी जुना, दुरुस्त करून विकायला ठेवलेला कॉम्प्युटर आणला. आत ऑपरेटिंग सिस्टीम घालायची होती. ती घातल्याशिवाय यंत्र म्हणजे नुसता डबा. प्रल्हादराव म्हणाले, "घालीन तर सगळ्यात नवी."

पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. त्यांनी 'ओके' दाबलं. पुन्हा त्याच ओळी, पुन्हा ओके. पेनड्राइव्ह बदलला, वायर बदलली, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

खुर्चीतून मास्तर विचारायचे, "काय म्हणतंय ते?"

"काही नाही अण्णा, एरर आहे."

"अहो, पण शब्द काय आहेत?"

"ते तुम्हाला नाही कळायचं."

आमचे साथीचे पेटीवाले हसतायत. म्हणजे यांच्याही घरी जावई आहे.

तिसऱ्या दिवशी प्रल्हादरावांनी इंटरनेटवरून युक्ती काढली – सिस्टीम घालण्याआधी होणारी यंत्राची तपासणीच चुकवायची. सिस्टीम चढली, पडदा उजळला, पेढे वाटले. सिंधूने त्यावर पुस्तक उघडलं. आवाजच नाही. जुन्या यंत्राचा आवाजाचा भाग नव्या सिस्टीमला ओळखताच येईना. आंधळ्यापुढे मुका आणून बसवला!

प्रल्हादराव पुन्हा वायरी उपटायला वाकले, तसे मास्तर पहिल्यांदा मास्तरांच्या आवाजात बोलले. "थांबा. सिंधू, तू पहिला पेनड्राइव्ह लाव आणि त्या ओळी वाच. सावकाश."

सिंधूने मराठी करत वाचलं. "या कॉम्प्युटरचा प्रोसेसर या सिस्टीमसाठी जुना आहे. याला चालेल अशी सिस्टीम निवडा."

प्रल्हादराव पंख्याकडे बघू लागले.

"तीन दिवस बिचारं हेच सांगत होतं?" मास्तर म्हणाले.

मग प्रल्हादरावांनीच जुन्या यंत्रांना चालणारी, हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम शोधली. या खेपेला प्रत्येक ओळ वाचूनच बटण दाबलं. संध्याकाळी सपाट, सर्दी झाल्यासारख्या आवाजात यंत्र एक कथा वाचू लागलं. मास्तर पुढे सरकून ऐकत राहिले. पान संपल्यावर म्हणाले, "याचा 'ळ' कच्चा आहे. पण वाचू दे." आणि सिंधूने ताट आणलं, तेव्हा दुसरी पोळी मागून घेतली.

मंडळी, प्रल्हादराव वाईट नव्हते. तीन दिवस राबले बिचारे. पण तुमच्या घरात कोण आहे, जे तेच चार शब्द पुन्हापुन्हा सांगतंय? बायको म्हणते, दमले. पोरगा म्हणतो, मला हे जमत नाही. आणि आपण "हो हो" म्हणून बटण दाबून मोकळे. आज घरी जाल तेव्हा एकाला तरी विचारा, "काय म्हणत होतास?" आणि वाक्य पुरं होऊ द्या.

घ्या आता विठ्ठलाचं नाव. घाई नको, एकेक अक्षर ऐकू येऊ दे.