आवाज फुल आहे, सर

अध्यक्षस्थानी विराजमान असलेल्या आमच्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी शिक्षकवर्ग, मागच्या रांगांतून कुजबुजणारे माझे विद्यार्थी, आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या संगणक कक्षाच्या आमच्या ताई,

प्रारंभी एक गंभीर तक्रार नोंदवण्याची परवानगी असावी. शिक्षक-खोलीतल्या जुन्या संगणकाच्या पाठीला तीन छिद्रं आहेत. एक गुलाबी, एक हिरवं, एक निळं. मी भाषेचा शिक्षक. तीन लिंगं पाठ केली, संस्कृतातली तीन वचनं पाठ केली, तिन्ही काळांची रूपं घडाघडा म्हटली. पण स्पीकरची पिन यातल्या कुठल्या छिद्रात जाते, हे मला कुणी शिकवलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने टेबलाखाली रांगत, दातांत टॉर्च धरून हे शोधावं का? आणि महत्प्रयासाने पिन बसवल्यावर वरून ताईंचा शांत आवाज यावा, "सर, ते माइकचं आहे"?

या शांतपणाचा मला झालेला जाच आज सांगितलाच पाहिजे. आमच्याकडे तोंडी परीक्षेत मुलं कविता म्हणतात, तिचं चित्रण होतं आणि ते त्या संगणकावर पाहून मी गुण देतो. संगणक असा, की चालू होईपर्यंत माझा चहा निवतो. चित्र पुढे पळतं, आवाज मागे रेंगाळतो. मुलगी कविता संपवून जागेवर जाऊन बसली, तरी तिचं दुसरं कडवं चालूच! मी हाक मारायचो. ताई यायच्या.

"बंद करून चालू केलात का?"

"केला."

"कधी?"

मग ताई मी उघडून ठेवलेल्या चोवीस गोष्टी एकेक करून बंद करत, व्हिडिओचा आकार लहान करत आणि चित्र नि आवाज पुन्हा जोडीने चालू लागत. निघताना म्हणत, "त्याचं वय झालंय, सर. एका वेळी एकच काम सांगत जा." हे वाक्य माझी पत्नी माझ्याविषयी वापरते.

यंदा मात्र विचित्रच दोष आला. आवाज येई, पण मळका. मुलांच्या बोलण्यातले श, ष, स नाहीसे. व्याकरणकार ज्यांना ऊष्म वर्ण म्हणतात, ते सगळेच्या सगळे गार पडलेले!

"आवाज फुल आहे, सर," ताई म्हणाल्या.

"आवाज आहे हो, अक्षरं कुठायत?"

त्यांनी तार बदलली. स्पीकर बदलले. संगणकाला आवाज काढायला लावणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, तो काढून नवा टाकला, तोही दोनदा. मुख्याध्यापिका बाईंचे हेडफोन लावून पाहिले. (बाई, ते तुमच्या खणातून न विचारता आणले होते, हे आपलं ओघात सांगितलं.) फरक शून्य. "द्या हो हे भंगारात!" असं मी ओरडलो, आणि शेवटी विद्वानाला शोभेल असा निष्कर्ष काढला: हल्लीच्या मुलांना उच्चारच नाहीत. अकरा जणांच्या नावापुढे 'उच्चार अस्पष्ट' असं लिहून प्रत्येकाचे तीन गुण कापले. यादी फळ्यावर लागलीसुद्धा.

आता, ताईंची कामाची एक पद्धत आहे. दोष सापडेना, की एका वेळी एकच भाग बदलायचा आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. यादी लागल्यानंतर आठवड्याने त्या आल्या.

"सर, एक भाग बदलायचा राहिलाय. जरा उठता?"

मला वाटलं, खुर्ची. त्यांनी माझ्या जागी शिपाईदादांना बसवलं आणि व्हिडिओ लावला. "दादा, ही मुलगी म्हणते तसं म्हणून दाखवा बघू." दादांनी कडवंच्या कडवं म्हणून दाखवलं, एकही अक्षर न गाळता.

"गोड म्हणतेय की पोरगी! सर, हिला नापास केलंत?"

"नापास नाही हो. तीन गुण कापले."

"का पण?"

ताईंनी व्हिडिओ थांबवला आणि दादांना चहा आणायला पाठवलं. मग एवढंच म्हणाल्या, "संगणक चांगला आहे, सर. कानाच्या डॉक्टरांना दाखवून या. मी कुणाला बोलणार नाही. पण पोरांचे गुण तेवढे परत द्या."

डॉक्टरांना दाखवलं. बारीक, टोकदार आवाज माझ्या दोन्ही कानांतून गेले आहेत. याला दोन महिने झाले. गुणदुरुस्तीच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात खरं लिहिलं तर तोंडी परीक्षा माझ्याकडे राहणार नाही, कदाचित वर्गही राहणार नाही. म्हणून अर्ज माझ्या खणात पडून राहिला. ताई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "अर्ज दिलात?" मी म्हणायचो, "देतो." त्या म्हणायच्या, "कधी?"

उद्यापासून त्या जिन्यात भेटणार नाहीत. विचारणारं कुणी उरलं नाही, की मी काय करीन, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून बाई, हा अर्ज. रकाना भरलेला आहे. घ्या.

ताई, तुम्ही माझ्या चुका इतकी वर्षं न हसता दुरुस्त केल्यात, मी तुमचा ऋणी आहे. आयोजकांचे आभार, आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. मागे बसलेल्या अकरा जणांनी मात्र पोटात घालू नये. त्यांनी उद्या येऊन आपले गुण बघून जावेत.

डॉक्टर म्हणाले, हे एका वर्षात होत नाही. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. त्या वर्षांतल्या मुलांचे व्हिडिओ आता पुसले गेले आहेत. मी त्यांतल्या कुणाकुणाला चूक ठरवलं, ते मला आता कधीच कळणार नाही. झोप उडते ती त्याने.