मनगट मी धरलं होतं

(नाशिक, सिडको. दुपार. प्रतिभा महिनाभरापासून भाऊ कुंदनच्या घरी आहे; नवरा धनराज मखमलाबादला. सासू कुसाबाई मखमलाबादहून आल्या आहेत.)

प्रतिभा : मला घेऊन जायला त्यांनी पाठवलं का तुम्हाला?

कुसाबाई : धनराजला ठाऊकबी नाय. मार्केटला जाऊन येते म्हणले.

प्रतिभा : बसा. कुंदन कामावर गेलाय. पाणी आणते.

कुसाबाई : नको उठू. मला एक बोलायचंय, आन् ते तोंडातून निघंना.

प्रतिभा : बांगड्यांचं असेल तर राहू द्या, आई.

कुसाबाई : राहू कसं देऊ? माझ्या पूजाच्या लग्नात, भरल्या मांडवात, कासारणीला मीच म्हणले, दाबून भर, तिला काय होत नाय. मनगट मी धरलं होतं.

प्रतिभा : माहितीये. मनगट माझंच होतं.

कुसाबाई : सात बांगड्या वाढल्या. तू ओरडलीस, बाया हसल्या. आन् मी त्यांना मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, म्हणले, कुंदनच्या लग्नात देवळ्याला दोन डझन भरल्या, तवा कशी खिदळत होती बघा. माहेरी हात लोखंडाचा, सासरी लोण्याचा.

प्रतिभा : ते वाक्य मला पुढं भाजीबाजारातही ऐकू आलं.

कुसाबाई : माझ्याच तोंडचं ते.

प्रतिभा : खरं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं, मीच खोटी आहे. देवळ्याला खरंच एवढं दुखलं नव्हतं. माझीच मला लाज वाटायची.

कुसाबाई : तेच सांगायला आले. मंगळवारी तुझी फाईल घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडं गेले.

प्रतिभा : माझी फाईल? एकट्याच?

कुसाबाई : हां. म्हणलं, त्यांच्याच तोंडून वदवून घेऊ, ही नाटकं हायेत म्हणून. दीड तास नंबर लावून बसले. बघ किती हौस.

प्रतिभा : मग?

कुसाबाई : त्या म्हणल्या, तिचं काय ते तिलाच सांगीन, तुम्हाला आजाराचं सांगते. ते फायब्रो... मला म्हणता येत नाय.

प्रतिभा : फायब्रोमायल्जिया.

कुसाबाई : तेच. मी देवळ्याचा व्हिडिओ पुढं केला. तर म्हणल्या, आजी, हा आजार असाच असतो. मुळात अंग दुखणं मोठं करून ऐकतं. जिवाला ताण असला की आणखी मोठं. माणूस निवांत असला की तेवढाच दाब सोसवतो. दोन्ही वेळा ती खरंच बोलत असंल, म्हणल्या.

प्रतिभा : एवढं मला त्यांनी नंतर सांगितलं होतं. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

कुसाबाई : मग त्यांनी विचारलं, लग्नघरात तिला कसला ताण होता?

प्रतिभा : काय सांगितलंत?

कुसाबाई : काय सांगू? चार दिवस तुझ्यामागं मीच लागले होते. पहाटे झेंडू तोडायला मीच उठवलं. पाय धरून बसलीस तर चारचौघींत म्हणले, झालं सोंग सुरू. आन् डॉक्टरीणबाईंना म्हणले, लग्नाची गडबड होती. तिथंपण खोटंच बोलले.

प्रतिभा : जाऊ द्या आता.

कुसाबाई : लय लाज वाटली गं. दवाखान्यातनं दुसऱ्याच बाईची चप्पल घालून आले. घरी आल्यावर कळलं.

प्रतिभा : परत केली का?

कुसाबाई : दुसऱ्या दिवशी. ...आत्ता दुखतंय का तुला?

प्रतिभा : थोडं.

कुसाबाई : खरं सांग. आज मीबी काय लपवलं नाय.

प्रतिभा : मान, आणि दोन्ही दंड.

कुसाबाई : कवापासनं?

प्रतिभा : सकाळी बरं होतं.

कुसाबाई : मी ते नाय विचारलं.

प्रतिभा : ...तुम्ही बेल वाजवलीत तेव्हापासून.

कुसाबाई : हां.

प्रतिभा : आई, तुम्ही आज काही केलं नाही. ते आपोआप होतं.

कुसाबाई : सांगितलंस ते बरं केलंस. घरी ये म्हणायला मला तोंड नाय. आधी त्या बायांकडं घरोघर जाऊन सांगते, तिचं खरंच दुखत होतं आन् मनगट मी धरलं होतं. मग तुला वाटलं तर ये. फोन धनराजला कर, मला नको.

प्रतिभा : चहा तरी घ्या. उठते मी.

कुसाबाई : बस तू. दार मी ओढून घेते, हळूच.