कागदावरची बेडरूम

हसू नका, पण खारघरचा आमचा फ्लॅट आहे त्यापेक्षा कागदावर मोठा आहे. आमच्या लेकीच्या, सायलीच्या, अमेरिकेतल्या फीसाठी तो तारण ठेवायचा होता, म्हणून बँकेचा माणूस माप घ्यायला आला. फोटो काढले, चहा प्यायला, गेला. रिपोर्टमध्ये बघते तर दोन बेडरूम. आमच्याकडे एकच आहे.

मी आणि हे तडक बँकेत गेलो. म्हटलं, "साहेब, चूक झालीय."

साहेबांनी फोटो पुढे सरकवला. आमचा हॉल, आमचा टीव्ही आणि टीव्हीशेजारी एक बंद दार. तिथे आमची भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे काहीच नाही. सहावा मजला आहे आमचा.

"हा दुसऱ्या कुणाचा फोटो असेल."

"मॅडम, सोफ्यावर तुम्हीच बसलाय." मग साहेब हळूच म्हणाले, "एका बेडरूमवर एवढं लोन बसणार नाही. रिपोर्ट बदलायला सांगू?"

हे माझ्याकडे बघेनात. मीच म्हटलं, "राहू दे." आणि आम्ही सह्या केल्या.

सायली गेली. तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी टीव्हीकडे पाठ करून बसले होते. पोरगी खुशीत होती, भरभरून बोलत होती. मधेच थांबली.

"आई, टीव्हीशेजारी दार कधी बसवलंत?"

मला मागे वळून बघायचा धीर होईना. कसंबसं विचारलं, "बंद आहे ना गं?"

"आत्तापर्यंत होतं."