उप्पीट चांगलं होतं

विजयश्री : ते नंतर सांगा. आधी मला हे सांगा, 'व्यंकटच्या विचारांचं विस्तीर्ण विश्व' हे नाव तुम्ही शुद्धीत असताना ठेवलं का?

व्यंकट : म्हणजे... आपण माझा ब्लॉग वाचलाय?

विजयश्री : मुलगा बघायला येणार म्हणल्यावर कुणीबी फोनमधी त्याचं नाव टाकून बघतंय. मी बी टाकलं.

व्यंकट : सगळा वाचला?

विजयश्री : सगळा. राशिभविष्य, कांद्याचा भाव, 'सबमर्सिबल पंपातील यांत्रिक बिघाड : एक चिंतन', आन ती चंद्रावरची कविता.

व्यंकट : कविता कशी वाटली?

विजयश्री : चंद्राला मोटार बसवली तुम्ही.

व्यंकट : ते रूपक आहे. चंद्र म्हणजे प्रेयसी, आणि मोटार म्हणजे...

विजयश्री : व्यंकटराव, खाली माझे अप्पा, तुमचे काका आन आमची अर्धी गल्ली बसलीय. दोघं जरा बोलून घ्या म्हणून आपल्याला स्लॅबवर पाठवलंय. तेवढा टाइम मोटारीवर घालवायचा का?

व्यंकट : नाही नाही. विचारा. कमलनगरला बस स्टँडच्या मागं माझं स्वतःचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. शिक्षण...

विजयश्री : ते अप्पाला म्हाईत हाय. मला ब्लॉगचंच बोलायचंय.

व्यंकट : खरंच? आजवर कुण्या मुलीनं ब्लॉगचं विचारलंच न्हाई हो. सगळ्या विचारतेत, संडास घरात हाय का बाहेर.

विजयश्री : रोज किती लोक वाचतेत?

व्यंकट : वाढायलेत. परवापेक्षा काल जास्त होते.

विजयश्री : त्यात तुम्ही किती?

व्यंकट : मी म्हणजे... चुका तपासायला उघडतो. एकदा दुकानाच्या फोनवर, एकदा आईच्या फोनवर. शेजारचा महेशकुमार फोन चार्जिंगला ठेवून जातो, मग त्याच्यावर पण एकदा.

विजयश्री : म्हंजे लिवणारे बी तुम्हीच, गर्दी बी तुम्हीच.

व्यंकट : तुम्हाला ह्यातलं एवढं कसं काय कळतंय?

विजयश्री : माझी वेबसाइट हाय. ब्लाऊजच्या कटिंगची. वर मराठीत लिहिते, खाली कन्नडमधी. उदगीरपासून भालकीपर्यंतच्या बाया बघतेत. कलबुर्गीच्या तर फोन करून भांडतेत, तुझ्या मापानं कापलं आन काखेत घट्ट झालं म्हणून. खाली शिलाई मशीन बघितली की तुम्ही.

व्यंकट : बघितली. तिच्यावर टीव्ही ठेवलेला होता.

विजयश्री : तो आज ठेवलाय. तुमच्यासाठी.

सत्यभामाबाई : विजू! अगं आईला हाक मारायची की, पाव्हणं उपाशीच उभं हायेत उन्हात. घ्या जी, ताट घ्या. हे चुरमुऱ्याचं सुशीला हाय, हे धपाटे, ही बुंदी, हे भजे गरम हायेत, आन ह्या शंकरपाळ्या. उप्पीट न्हाई बगा ह्यात! आम्ही करीतच न्हाई उप्पीट. रवा आणत न्हाई घरात!

व्यंकट : मावशी, एवढं कामून केलंत?

सत्यभामाबाई : आता तुम्ही पडलाव लिवणारे माणसं. आम्हाला भ्याव वाटतंय बाबा. खावा, खावा. मीठ कमीजास्त लागलं तर हितंच मला सांगा, तिकडं लिवू नका. जाते मी, खाली तुमच्या काकाला चौथ्यांदा च्या पायजे म्हणं.

व्यंकट : मावशी असं कामून म्हणाल्या?

विजयश्री : येते मी तिथं. आधी भजे खावा आन ऐका. पहिलं म्हंजे ते नाव बदला. एवढं लांब नाव टाइप करेस्तोवर माणसाची बस निघून जाती. दुसरं, एकच विषय धरा. लोक तुमच्याकडं मोटार घेऊन येतेत, रास विचारायला येत न्हाईत.

व्यंकट : पण माझी कन्या रास वाचून एकानं अंगठा दाखवला होता.

विजयश्री : वरचा का खालचा?

व्यंकट : ...पुढं सांगा.

विजयश्री : 'यांत्रिक बिघाड : एक चिंतन'. आता मला सांगा, शेतात मोटार बंद पडली, ऊस वाळायलाय, तर शेतकरी फोनमधी काय टाकंल? 'यांत्रिक बिघाड' टाकंल का?

व्यंकट : न्हाई.

विजयश्री : तुमच्या दुकानात येऊन काय म्हणतोय तो?

व्यंकट : म्हणतोय, 'व्यंकटअण्णा, मोटार नुसती घूं करायलीय, पाणी फेकत न्हाई.'

विजयश्री : तेच नाव द्या लेखाला. जसं म्हणतेत तसं.

व्यंकट : ते साहित्यिक वाटत न्हाई हो.

विजयश्री : पाणी आलं की वाटंल.

व्यंकट : हे... हे बरोबर हाय. थांबा, ध्यानात ठेवतो. घूं करायलीय. अजून?

विजयश्री : अजून म्हंजे, दिसंल त्या ग्रूपवर लिंक टाकणं बंद करा. आमच्या मामाच्या तेराव्याचा ग्रूप होता, जेवणाला किती माणसं येणार ते कळायला केलेला. त्याच्यात बी तुमची लिंक पडली. 'नक्की वाचा, खळखळून हसा.' खाली मामाचा हार घातलेला फोटो.

व्यंकट : अरे देवा. मला त्या ग्रूपमध्ये कुणी घातलं तेच कळंना. मला वाटलं शेतकरी मेळावा हाय.

विजयश्री : आता शेवटचं. तुमचं एकच पान लोकांनी खरंच वाचलंय. बीदर जिल्ह्यात तर वाचलंच, पण पार लातूर, हैदराबादपर्यंत फिरलंय.

व्यंकट : हौ! 'मुलगी बघायला गेलो आणि उप्पीट बघून आलो'. सगळ्यांना आवडलं ते. कमेंटा बघितल्या का? लोक म्हणाले, असंच लिहीत जा.

विजयश्री : बघितल्या. त्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलंय.

व्यंकट : म्हणजे?

विजयश्री : श्रीदेवी माझी मावसबहीण हाय.

व्यंकट : कोण श्री... अगं बाई.

विजयश्री : बाई कामून म्हणायलाव?

व्यंकट : तोंडातनं गेलं. पण मी तिचं नाव लिहिलं नव्हतं! गावाचं पण न्हाई!

विजयश्री : नाव न्हाई लिहिलं. 'वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला, निळ्या गेटाचं घर, दारात लंगडी म्हैस' एवढं लिहिलं. पोस्टमनला बी एवढा नीट पत्ता कुणी सांगत न्हाई. त्या दिवसापासनं तिला पोरं 'उप्पीट' म्हणतेत. बघायला येणारी माणसं आधी प्लेटीत बघतेत, मग तिच्याकडं. बाजारात गेली तरी रव्याच्या दुकानापुढनं जात न्हाई, लांबनं वळसा घालती.

व्यंकट : मी विनोदी म्हणून लिहिलं होतं.

विजयश्री : विनोदी होतंच. मी बी हसले. 'मिठाच्या खाणीत रवा सापडला' वाचून तर लै हसले, माझ्या धाकट्या बहिणीला पाठवलं बी. मग म्हशीपर्यंत आले. लंगडी म्हैस आमच्या ओळखीत एकच हाय. आन खरं काय झालं ते मला म्हाईत हाय, व्यंकटराव. तुम्ही दोनदा मागून घेतलं. माझ्या मावशीनं तुमच्या आईसाठी म्हणून डब्यात बांधून दिलं. मग आठ दिवसांनी श्रीदेवीनं नको म्हणून निरोप पाठवला, आन उप्पीट एकदम खारट झालं.

व्यंकट : डबा अजून आमच्याच घरी हाय.

विजयश्री : डब्याचं सोडा.

व्यंकट : मग आजचं हे बघणं, हे सगळं खोटं?

विजयश्री : अप्पासाठी खरं हाय. मला तुमच्यापुढं उभं राहून हे बोलायचं होतं. फोन केला असता तर तुम्ही कट केला असता.

व्यंकट : केला असता. मी दोन मोटारी तशाच उघड्या टाकून आलोय. काकाला जीपमधी पुढची सीट दिली. ते जाऊ द्या. काढून टाकतो ते पान, आत्ताच.

विजयश्री : काढू नका. त्याचे फोटो फोनाफोनात फिरायलेत. तुम्ही काढलं तर म्हणतील, बघा, पोरीकडच्यांनी दम दिला, म्हंजे खरंच खारट होतं. जिथं लोक हसायला येतेत तिथंच वर लिहा. त्याच पानावर, एकदम वर.

व्यंकट : लिहितो. 'प्रस्तुत लेखकाच्या रसनेस त्या दिवशी जो भ्रम झाला...'

विजयश्री : कोण प्रस्तुत?

व्यंकट : मी.

विजयश्री : मग 'मी' म्हणा.

व्यंकट : 'माझ्याकडून उप्पीट या पदार्थाविषयी काही अनुदार उद्गार...'

विजयश्री : उप्पीट कसं होतं?

व्यंकट : चांगलं होतं. कढीपत्ता, शेंगदाणे, वरून खोबरं. लै चांगलं होतं हो.

विजयश्री : तेच लिहा. 'उप्पीट चांगलं होतं. मी दोनदा घेतलं. मुलीला मी पसंत पडलो न्हाई म्हणून खोटं लिहिलं. चूक माझी.'

व्यंकट : ते तिसरं वाक्य तेवढं गाळू द्या की. लोक मला हसतील.

विजयश्री : काय म्हणलं? थांबा, विमान जाऊ द्या. ही बीदरची हवाई दलाची विमानं आमच्याच स्लॅबवर उडवायला कामून शिकवतेत कळत न्हाई. गेलं. बोला आता.

व्यंकट : काही न्हाई. विमान होतं तवर लिहून टाकलं. तिसरं वाक्य पण. जाईना मात्र, रेंज न्हाई हितं.

विजयश्री : टाकीच्या बाजूला व्हा. तिकडं न्हाई! कुरडयांवर उभं राहिलाव तुम्ही!

व्यंकट : अर्रर्र. किती मोडल्या?

विजयश्री : नंतर मोजू. गेलं का?

व्यंकट : गेलं! गेलं बगा. आता पान उघडून बघतो, नीट दिसतंय का...

(मोबाईलमधून मोठ्यानं सनई सुरू होते.)

विजयश्री : हे काय वाजायलंय?

व्यंकट : सनई. माझं पान उघडलं की आपोआप वाजती. वाचकाला मंगल वाटावं म्हणून घातलीय.

विजयश्री : माझा फोन कायम मुका असतोय, मला म्हाईतच न्हाई! बंद करा आधी!

व्यंकट : बंद करायचं बटन न्हाई ठेवलं. लोक पूर्ण ऐकत न्हाईत म्हणून.

विजयश्री : मग आवाज कमी करा!

व्यंकट : ते बटन आत गेलंय. दुकानात मोटारी चालू असतेत ना, म्हणून फुल्लच असतोय.

विजयश्री : खिशात घाला! पायाखाली घाला! फोनच बंद करा!

व्यंकट : बंद होईना, अडकलाय! खिशातनं तर जास्तच घुमायलीय!

सत्यभामाबाई : विजू! माझी बाय गं! सनई लावली का गं वर? समद्यांनी ऐकलं खाली! तुझ्या अप्पानं यांच्या काकाला मिठी मारली. काकानं टोपी काढून डोळे पुसले. मी साखर वाटली की!

विजयश्री : आई, थांब जरा...

सत्यभामाबाई : आता कशाची थांबू? शेजारच्या मल्लम्मानं साखर तोंडात टाकली आन गल्लीत सांगत सुटली बी. कुठवर पोचली असंल कुणाला ठाव.

व्यंकट : मावशी, ऐका. लग्न ठरलं न्हाई. ती माझी वेबसाइट हाय.

सत्यभामाबाई : असू द्या की जी. त्यात काय लाजायचं? आमच्या विजूची बी हाय.

व्यंकट : तसं न्हाई. हां, थांबली बगा. संपली. मावशी, मी खाली येऊन सगळ्यांपुढं सांगतो. तुमच्या मुलीनं मला होय म्हणलं न्हाई. मी विचारलं पण न्हाई. त्यांनी मला एक चूक दाखवली, ती मी दुरुस्त केली, तेवढ्यात माझ्याच फोननं घोळ केला.

सत्यभामाबाई : काय बोलायलेत हे? कसली चूक गं?

विजयश्री : उप्पिटाची. व्यंकटराव, तुम्ही अर्ध्या गल्लीपुढं असंच सांगणार?

व्यंकट : असंच. आता मल्लम्मा परत येईस्तोवर सांगितलेलं बरं. न्हाई तर उद्या तुमच्या नावानं लोक काहीतरी म्हणतील. एकीचं केलं तेवढं बस झालं मला. काका रागावतील, रागावू द्या. मावशी, जरा वाट द्या, जिना अरुंद हाय.

विजयश्री : जरा थांबा.

व्यंकट : अजून काही चुकलं का ब्लॉगमधी?

विजयश्री : ब्लॉगमधी न्हाई. हा शर्ट कुणी शिवला तुमचा?

व्यंकट : शर्ट? स्टँडसमोरच्या टेलरनं. कामून?

विजयश्री : दोन्ही खांदे उतरलेत.

सत्यभामाबाई : अगं पोरी, खाली माणसं तोंडात साखर धरून बसलेत, गिळावी का थुंकावी कळंना झालंय त्यांना. मी जाऊन काय सांगू, ते एक सांग.

विजयश्री : सांग त्यांना, पाव्हण्यांना शर्टाच्या मापाला परत यावं लागंल.