किल्ली

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत बसले होते. शेजारी साठीच्या एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. समोर त्यांची जुनी मोटार, बॉनेट उघडं.

“ताई, भंगारात दे. तळ गंजलाय, इंजिन जाम झालंय. भावजींची आठवण म्हणून फोटो आहे की घरात.”

“आठवण जपायला कोण आलंय? मिस्त्री, तुम्ही सांगा. होईल का नीट?”

“तळाचा पत्रा बदलावा लागेल, इंजिन सगळं खोलावं लागेल. पण सांगाडा ठणठणीत आहे. विकायची असेल तर नाद सोडा, बाई. चालवायची असेल तर होईल.”

“चालवायचीय.”

“अगं, पण चालवणार कोण?”

“मी.”

“तू? भावजींनी कधी किल्लीला हात लावू दिला नाही तुला!”

“गाडी धुवायला लावली ना? एकतीस वर्षं, दर रविवारी. म्हणायचे, बायकांच्या हातात दिली की गाडी कामातून गेली. कधी दिली नाही, तरी गेलीच ना कामातून?”

“आता या वयात शिकणार?”

“शिकले. मंगळवारी लायसन्स आलं. पर्समध्ये आहे, दाखवू?”

“आणि घरात कुणाला बोलली नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही सगळेच आला असता मला समजवायला. आज तू एकटाच आहेस, तेवढंच बरं.”

“बाई, रंग जुनाच देऊ? काळा?”

“छे! पिवळाधमक द्या. गल्लीच्या टोकापासून कळलं पाहिजे, कोण येतंय ते.”