प्रसूतिखोली सरला सिस्टरच्या ताब्यात

हसायचं तर हसा, पण डॉक्टर झाल्यावरचं खरं शिक्षण मला एका नर्सने दिलं. सोनगीरच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी नवाच होतो. एका बाईची प्रसूती झाली आणि बाळ रडेना. अंग निळं पडत चाललेलं. मी घाबरून ओरडलो, "ॲम्ब्युलन्स बोलवा, धुळ्याला पाठवू!"

शेजारच्या खोलीतून सरला सिस्टर धावत आल्या. "सर, धुळं लांब आहे. याला श्वास आत्ता हवाय. जरा सरका."

मी सरकलो. त्यांनी बाळाला पुसलं, पाठ चोळली, मग त्याच्या तोंडावर मास्क धरून अंबू बॅगेचा फुगा दाबत हवा द्यायला सुरुवात केली. मिनिटभरात पोराने असा टाहो फोडला, की बाहेर बसलेली त्याची आजीही रडायला लागली.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"रीतसर ट्रेनिंग झालंय, सर. पण तुम्ही मला कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसवलंत."

मी ओशाळलो. त्याच दिवशी प्रसूतिखोली त्यांच्या ताब्यात दिली. वर्षभरात त्यांनी बाकीच्या नर्सनाही तयार केलं. आता आसपासच्या गावांतल्या बाया खासगी दवाखाना सोडून आमच्याकडे येतात.

परवा एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मी म्हटलं, "या, मी तपासतो."

म्हातारी म्हणाली, "तुम्ही बठा भाऊ, सिस्टरले येऊ द्या."

खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.