कुसुमताईचं जहाज अन् घराची चाबी

परवा चक्कीवर दळण घेऊन उभी होती, तं मागून ऐकू आलं, "कुसुमताई जहाजात फिराले चालल्या, अन् घर तं..." तेवढ्यात चक्की सुरू झाली! पुढचं मीच जुळवलं, घर विकलं असन.

पीठ ठेवलं न ठेवलं, की शेजारी त्यांच्याकडे गेली. "कुसुमताई, घर विकून राहिल्या म्हणे?"

"काहीतरीच! हे रिटायर झाले ना, म्हणून मुंबईहून तीन दिवसांचं जहाज बुक केलं. बिनखिडकीची खोली घेतली, स्वस्त पडली."

"मुंबईले कधी पोचता?"

"त्याच दिवशी, बाराले."

"अन् जहाजाचं गेट कितीले बंद होते?"

"दोनले. बाई, तुम्ही पोलिसात पाह्यजे होत्या!"

"अन् गाडी लेट झाली तं? हे काय नागपूरची बस आहे, एक गेली तं दुसरी येईन?"

कुसुमताईनं तिकिटं काढून पाह्यली. मग तीच गाडी त्यांनी एक दिवस आधीची घेतली. अन् ती चार तास लेट पोचली!

जहाजात चढता चढता त्यांचा फोन आला, "बाई, तुमच्या चौकशीनं जहाज भेटलं आम्हाले."

माझ्या चौकशीचे आमच्या सौंसर गावात कोणी उपकार मानावं, हे पहिल्यांदाच. माझे तं डोळेच भरले.

चक्कीवरचं अर्धं खरं निघालं. जहाज होतं. घर विकलं नव्हतं, माझ्या भरवशावर सोडलं होतं. माझ्यासारखीच्या हाती चाबी कोण देते? त्यांनी निघताना दिली. अन् देवाशप्पथ, मी एकही कपाट उघडलं नाही.